चाळीस मुठी ज्वारी

शनिवार, १२ एप्रिल २०२५

हुतात्मा एक्सप्रेसने दौंड सोडलं तेव्हा चैत्री पौर्णिमेचा चंद्र उसाच्या फडावर आला होता. हनुमान जयंतीचा दिवस. समोरच्या काकूंनी कागदाची पुडी सोडून सगळ्या डब्याला सुंठवडा वाटला. मी हात पुढे केला. मग त्यांनी विचारलं, "सोलापूरला माहेर का?" मी म्हटलं, "आत्या आहे. ईस्टरला चाललेय."

ईस्टर कधी येणार हे आमच्याकडे चंद्रच ठरवतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. त्या रविवारापासून मागे मोजत गेलं की लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, कधी सुरू होतो ते कळतं. यंदा चर्चच्या गणितात ती पौर्णिमा रविवारी, १३ एप्रिलला आली, म्हणून ईस्टर पुढच्या रविवारी, २० एप्रिलला; लेंटचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, ५ मार्चला होता. ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. उरतात ४०. प्रभू येशूने अरण्यात उपास केला तेवढेच.

दरवर्षी या दिवसांत मी काहीतरी सोडते. कधी चहा, कधी मटण, एकदा मोबाइलवरच्या मालिका. यंदा राखेच्या बुधवारी पुण्याच्या चर्चमध्ये कपाळावर राख लागली, माती आहेस आणि मातीलाच मिळशील हे शब्द कानांवर पडले आणि मला मामा आठवले. आत्याचे यजमान. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्यांच्या घरी राहून शिकले. २०२१च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा ई-पासशिवाय जिल्हा ओलांडता येत नव्हता. मी फोनवर रडले. त्यानंतरची चार वर्षं मात्र कुठलीच बंदी नव्हती, आणि तरी मी गेले नाही. आधी नोकरी, मग मुलाची दहावी, मग इतके दिवस गेलो नाही तर आता कुठल्या तोंडाने जायचं, हे. तेव्हा यंदा काही सोडायचं नाही, जायचं, असं त्या बुधवारी ठरलं.

गाडी दहाच्या सुमारास सोलापुरात पोचली. रात्रीचे दहा वाजले तरी फलाटाची फरशी गरम होती. आतेभाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. "काय गं ताई, शेवटी रस्ता सापडला की!" एवढंच बोलला आणि बॅग टाकीवर ठेवली.

आत्या दारात खुर्ची टाकून बसली होती. सत्त्याहत्तर वर्षांची झालीय, आधीपेक्षा बरीच वाकलीय. मी पाया पडायला वाकले तर तिने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाली, "भाकरी कडक झाली बघ तुझी वाट बघून. पण कडकच बरी लागती." शेंगाचटणी, दही आणि कडक भाकरी. सोलापूरची शेंगाचटणी मिक्सरात होत नाही. ती खलबत्त्यात किंवा उखळात इतकी कुटायची की शेंगदाण्याला तेल सुटून तिचा गोळा झाला पाहिजे.

ओट्यावर एक पितळी डबा होता. विचारलं तर आत्याने झाकण काढून दाखवलं, आत मालदांडी ज्वारी. राखेच्या बुधवारपासून रोज सकाळी दळणातली एक मूठ ती या डब्यात टाकते, रविवार सोडून. ईस्टरला डबा चर्चमध्ये द्यायचा. "आज चौतीस झाल्या," ती म्हणाली. मी मनात हिशोब केला, बरोबर चौतीस.

रविवार, १३ एप्रिल: झावळ्यांचा रविवार

सकाळी सातलाच निघालो. सोलापुरात एप्रिल महिन्यात जे काही करायचं ते नऊच्या आत, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळात शहर दारं लोटून घेतं.

मिरवणुकीसाठी पोरांनी ओढ्याकाठच्या शिंदीच्या फांद्या तोडून आणल्या होत्या. शिंदीचं पान टोकाला सुईसारखं टोचतं, त्यामुळे रांगेत सारखं "अय, डोळ्यात घालशील बे!" चाललेलं. ढोलकी, टाळ, एक पेटी आणि पुढे होसान्ना म्हणणारी पन्नासेक पोरं. होसान्ना म्हणजे मुळात 'आम्हाला तार'. जयघोष वाटतो, पण आहे तो धावा. प्रभू आला तेव्हा यरुशलेमच्या वेशीत झावळ्या हलवून हा धावा करणाऱ्या शहराने त्याच आठवड्यात "वधस्तंभावर खिळा" अशी आरोळी दिली. लहानपणी मला वाटायचं, ती माणसं वेगळी असतील. यंदा झावळी हातात धरून चालताना तसं वाटलं नाही.

उपासनेत पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांनी, पश्चात्ताप या शब्दावरच सगळं प्रवचन दिलं. पश्चात्, म्हणजे मागाहून. आणि ताप. "सोलापूरकरांना ताप काय ते मी सांगायला नको," ते म्हणाले. "पण नुसतं तापून काय होतं? तवा तापला आणि भाकरी टाकलीच नाही, तर तवाच जळतो." शास्त्रात संदेष्टे 'पश्चात्ताप करा' म्हणतात तेव्हा त्या हिब्रू शब्दाचा साधा अर्थ 'माघारी फिरा' असा आहे, हे त्यांनी सांगितलं. वाट चुकलेला माणूस वाटेवर बसून रडला म्हणून घरी पोचत नाही.

घरी आल्यावर आत्याने दाराच्या वरची गेल्या वर्षीची वाळकी झावळी काढून तिथे नवी खोचली. जुन्या झावळ्या गोळा करून जाळतात आणि त्याचीच राख पुढच्या राखेच्या बुधवारी कपाळाला लागते. यंदा ज्या झावळीने जयघोष केला, तीच पुढे राख होऊन येणार.

ईस्टरआधीच्या या पवित्र आठवड्यात कुणाला सोलापुरात यायचं असेल तर थोडं इथेच सांगते. रिक्षावाल्याला 'रंगभवनचं चर्च' म्हटलं की तो नेऊन सोडतो. आणखीही चर्च आहेत, पूर्व भागात तेलुगू उपासनाही होतात. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, प्रार्थनाही त्याच भाषांतून चालतात. ख्रिस्ती नसलात तरी मागच्या बाकावर बसायला कुणी अडवत नाही. बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा पदर ठेवावा. वेळा आदल्या रविवारी चर्चच्या फलकावर लागतात, त्या पाहून घ्याव्यात.

सोमवार आणि मंगळवार

रविवारी रात्री बाराला सगळं शहर फटाक्यांनी दणाणलं. १४ एप्रिल. आत्याच्या घरात क्रुसाशेजारच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. मामांनी लावलेला. सकाळी आतेभावाबरोबर पार्क चौकात पुतळ्याला हार घालायला गेले. निळे झेंडे, पांढऱ्या साड्यांतल्या आजीबाई, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. रांग लांब होती, पण कोपऱ्याकोपऱ्यावर ताक आणि सरबत वाटप चालू होतं. दोन तास उभे राहिलो. आतेवहिनी म्हणाली, प्रभूच्या दुःखसहनाच्या आठवड्यात जयंती आली की काही जण विचारतात, आनंद करायचा की शोक. आत्याने उत्तर दिलं, "माणसाला माणूस केल्याचा आनंद कुठल्याबी आठवड्यात करावा."

मंगळवारी संध्याकाळी मी सेटलमेंटकडे गेले. इथे शिकत असताना या भागाचं नाव रोज ऐकायची, पण सेटलमेंट म्हणजे काय हे कधी विचारलं नव्हतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कैकाडी, टकारी, पारधी अशा कितीतरी जमाती त्याखाली जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड वसवलं. बरेच जण गिरण्यांत राबायचे आणि वसाहतीत परतल्यावर हजेरी द्यायचे. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला. आता तिथे पक्की घरं आहेत, दुकानं आहेत, क्रिकेट आहे. नाव तेवढं राहिलंय.

आतेभावाचा एक मित्र तिथलाच. त्याच्या आजीची गोष्ट त्याने सांगितली. म्हातारपणी, कुंपण जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावरसुद्धा, कुणी मोठ्याने तिचं नाव घेतलं की ती उठून उभी राहायची. हजेरीची सवय.

मला जे टोचलं ते पुढचं. सोलापूरच्या या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. म्हणजे ज्या मिशनने आमच्या आजी-पणजीला अक्षर दिलं, त्याच मिशनच्या हातात हजेरीचं पुस्तकही होतं. घरी येऊन आत्याला विचारलं. ती गहू निवडत होती. म्हणाली, "शाळा काढली, ते खरं. कुलूप लावलं, तेबी खरं. कबुली द्यायची तर दोन्हीची द्यावी." लेंटमध्ये आपण आपापली पापं आठवतो. आपल्या मंडळीची, म्हणजे चर्चची, आपल्या आधीच्या माणसांची चूकही त्या यादीत यायला हवी, असं मला त्या रात्री फार वाटलं. जन्मावरून ज्यांना पापी ठरवलं, त्यांच्याकडून कुठलाच पश्चात्ताप मागायचा आपल्याला अधिकार नव्हता. मागायची होती ती क्षमा, आणि ती आपण मागायची होती.

बुधवार

दिवसभर घरात. ऊन असं की कुंडीतली तुळस दुपारी मान टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहायची. नळाला पाणी चार दिवसांनी आलं, मग सकाळभर हंडे, पिंपं, बादल्या. सोलापूरला पाणी येतं उजनी धरणातून, आणि इथल्या घरात पाहुण्याला पहिलं सांगतात ते पाणी कुठलं कशासाठी वापरायचं हे. पाहुणे म्हणून गेलात तर बादलीभरात अंघोळ उरका, यजमान तोंडाने म्हणणार नाहीत.

संध्याकाळी प्रार्थनासभा. या बुधवारी प्रभूला पकडून देणाऱ्या यहुदा या शिष्याची आठवण करतात, कारण चांदीच्या तीस नाण्यांचा तो सौदा याच दिवशी झाला असं मानतात. एका निवृत्त शिक्षिकेने बोलायला घेतलं. त्या म्हणाल्या, पस्तावा यहुदालाही झाला होता आणि प्रभूला ओळखतच नाही म्हणणाऱ्या पेत्र या शिष्यालाही. यहुदाने तर पैसेसुद्धा परत नेऊन टाकले. पेत्राने काहीच परत केलं नाही, त्याच्याजवळ होतंच काय? कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला. मग फरक कुठे पडला? यहुदा एकटा निघून गेला. पेत्र बाकीच्यांकडे परत आला, ज्यांना सगळं ठाऊक होतं त्यांच्यातच येऊन बसला.

हे ऐकताना मी आत्याकडे पाहू शकले नाही. चार दिवस झाले होते तिच्या घरी येऊन. जेवत होते, हसत होते, भांडी घासत होते. मुद्द्याचं अजून बोलले नव्हते.

गुरुवार, १७ एप्रिल

या संध्याकाळी प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस घेऊन प्रभूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. त्यासाठीचा द्राक्षरस या मंडळीत अजून बायकाच घरी करतात आणि कित्येक वर्षं हे काम आत्याकडे आहे. काळे मनुके आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजत घातलेले. सकाळी ते टम्म फुगले की त्याच पाण्यात मंद आचेवर ठेवायचे, साल सुटेपर्यंत. उकळी फुटू द्यायची नाही, चव तुरट होते. मग पळीने चेचायचे, निवले की मलमलच्या फडक्यातून गाळायचे. फडकं पिळताना रस कोपरापर्यंत येतो. घरभर वास सुटतो, गोड आणि थोडासा मातीचा.

फडक्याचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. आत्या सांगत होती की मामा दरवर्षी पहिला घोट मागायचे आणि ती दरवर्षी नाही म्हणायची, आधी प्रभूच्या मेजावर. मग तिने सहज म्हटलं, "मेजाकडं जायच्या आधी ज्याचं ज्याच्याशी बोलायचं राहिलंय त्यानं बोलून घ्यावं, असं लिहिलंय." अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, त्या वचनाबद्दल ती बोलत होती. पण माझ्या हातातलं फडकं थांबलं.

मी म्हणाले, "आत्या, मी यायला हवं होतं. तेव्हा नाही जमलं ते सोड. नंतर यायला हवं होतं. मला येता येत होतं आणि मी आले नाही." आमच्या पापांगीकारात केलेल्या चुकांबरोबर करायचं राहिलेल्या गोष्टींचीही कबुली असते. शेकडो रविवार मी ती दिलीय. एका माणसासमोर, त्याचं नाव घेऊन, कधी दिली नव्हती. पोटातून काहीतरी हललं.

आत्या काही वेळ बोलली नाही. "असू दे गं, काय झालं त्यात" असं ती म्हणेल ही माझी अपेक्षा होती, खरं तर आशा होती. तसं ती म्हणाली नाही. म्हणाली, "लई वाट बघितली मी. पहिलं वर्ष तर रोज. पोराला म्हणायचे, गाडीची वेळ झाली." मग तिने फडक्याला पीळ दिला. "धर नीट. अर्धा रस त्यातच ऱ्हाईल." आम्ही दोघींनी मिळून तो पिळून काढला. पातेलं बाजूला ठेवल्यावर रसाने माखलेल्याच हातांनी तिने माझे गाल पुसले आणि म्हणाली, "आता आलीस नव्हं. शनिवारी त्यांच्याकडं जाऊ. चुना लावायचाय."

संध्याकाळी पाळकसाहेबांनी बारा जणांचे पाय धुतले. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे धुतले तसे. रांगेत एक सफाई कामगार, एक डॉक्टरीण, दोन शाळकरी पोरं, आणि चपलांनी भेगाळलेले, उन्हाने करपलेले पाय. पितळी घंगाळ्यातलं पाणी दर दोन-तीन जणांनंतर बदलत होतं. ते पाणी शेवटी पोरांनी उचलून बाहेरच्या कडुलिंबाला घातलं. प्रभुभोजनात माझ्या वाट्याला आला तो एक छोटा प्याला, दोन चमचेही नसेल. मला त्यात मनुके, मलमल, आत्याचं पातेलं, सगळं लागलं.

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

बारा ते तीन. वधस्तंभावरून प्रभूने काढलेले सात उद्गार, त्या प्रत्येकावर एकेक माणूस बोलतो, मध्ये गीत आणि प्रार्थना. मराठी मंडळ्यांत ही जुनी रीत आहे. सोलापुरात ही उपासना म्हणजे दिवसातल्या सगळ्यात तापलेल्या तीन तासांची. पारा चाळिशीच्या वर, चर्च भरलेलं, पांढरे सदरे आणि फिक्या साड्या, फुलं नाहीत, वेदीवर काळं कापड. बहुतेक जण सकाळपासून उपाशी. काही जण पाणीसुद्धा घेत नाहीत.

पहिला उद्गार, "हे बापा, त्यांना क्षमा कर", यावर एक कॉलेजचा मुलगा बोलला. कागद हातात थरथरत होता, पण बोलला चांगलं. दुसऱ्यावर एक निवृत्त परिचारिका. दीडच्या सुमाराला वीज गेली. पंखे हळूहळू थांबले आणि एकदम किती शांतता आहे ते कळलं. कुणी उठलं नाही. चौथा उद्गार, "एली, एली, लमा सबखथनी", त्या शांततेत वाचला गेला. माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. पुढच्या बाकावरच्या एका बाईच्या पाठीवर घामाचा ठिपका पसरत गेलेला मला अजून दिसतो.

पाचव्या उद्गाराला यंत्रमागावर टॉवेल विणून आयुष्य काढलेल्या एक मावशी उभ्या राहिल्या. उद्गार एवढाच, "मला तहान लागली आहे." त्यांनी कागद आणला नव्हता. म्हणाल्या, "तहान काय असती, ते मला पुस्तकात बघाया लागत नाही. टँकरच्या रांगेत बायका कशा भांडत्यात तेबी मी बघितलंय, मीबी भांडलेय. पण माझ्या प्रभूनं पाणी कुणाकडं मागितलं? ज्यांनी खिळे मारले त्यांच्याकडं. त्यांनी काय दिलं? आंब दिली, स्पंजावर. आणि त्यानं ती घेतली. आपण दुश्मनाच्या हातचं पाणी घेतो का? शेजारणीशी वाकडं आलं तर तिच्या दारची साखर आपण आणत नाही." त्या पाच मिनिटंही बोलल्या नाहीत. खाली बसल्या, पदराने तोंड पुसलं. गेल्या कित्येक वर्षांत ऐकलेलं सगळ्यात मोठं प्रवचन ते होतं, माझ्यापुरतं तरी.

तीनला सगळे उठले. कुणी कुणाला सलाम केला नाही, हात मिळवला नाही, नुसते बाहेर पडले. त्या दिवशी तशीच रीत आहे. नवीन माणसाला चमत्कारिक वाटेल, म्हणून सांगते: कुणी तुमच्याशी बोललं नाही तर राग मानू नका. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी, म्हाताऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी निर्जळी उपास करू नये. दाराशी माठ भरलेला असतो, मध्ये उठून पाणी प्यायला कुणाचीही हरकत नसते. खिडकीकडची जागा हवी असेल तर साडेअकरालाच जावं.

घरी हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळलेलं पीठ, गूळ, चिमूटभर मीठ आणि सुंठ, पातळ शिजवलेलं. उपाशी पोटावर वाटीभर गरम माडगं उतरलं की अंगात हळूहळू जीव येतो. आतेभाऊ दोन वाट्या पिऊन तसाच फरशीवर झोपला. मी आणि आत्या अंधार पडेपर्यंत दिवा न लावता बसून होतो.

शनिवार

पहाटे साडेपाचला कब्रस्तानात. आम्हीच लवकर असू असं वाटलं होतं, पण आधीच वीस-पंचवीस कुटुंबं आली होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरी साफ करायला सगळेच येतात. खुरपी, झाडू, बादलीत कालवलेला चुना, घायपाताचे कुंचले. पोरं हापशावरून पाणी आणत होती. कुणी मोठ्याने रडत नव्हतं. उलट, वर्षभरात न भेटलेली माणसं इथे भेटत होती, एकमेकांच्या सुनांची चौकशी चालू होती, थर्मासमधला चहा फिरत होता. आम्ही मेलेल्यांना पूजत नाही. पण ज्यांना मातीत ठेवलं त्यांची जागा नीट ठेवतो, कारण ते उठणार असा आमचा विश्वास आहे.

मामांची कबर भिंतीच्या कडेला. साधी, सिमेंटची, वर काळ्या फरशीवर नाव आणि दोन तारखा. मी ती पहिल्यांदा पाहत होते. कुंदा आणि गाजरगवत गुडघाभर वाढलेलं. आत्या भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "तू काढ. मला वाकवत नाही."

तास-दीड तास लागला. कुंदा वर ओढून निघत नाही, त्याच्या मुळ्या जमिनीत आडव्या पळतात. एक ओढली की हातभर लांबून दुसरीकडून माती हलते. बोटांना फोड आले. मामा मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर ते यंत्रमागाच्या कारखान्यात गेले आणि रात्रपाळी करून आल्यावर मला सायकलवर क्लासला सोडायचे, कारण पहाटेच्या अंधारात मुलीने एकटीने जाऊ नये. ते सगळं मी गवत काढता काढता त्यांना पुन्हा सांगितलं. मोठ्याने नाही. माफीही मागितली. उत्तर काही आलं नाही, येणारही नव्हतं. पण चुन्याचा पहिला हात मारल्यावर ओला चुना करडा दिसला, दुसरा हात मारेपर्यंत पहिला वाळून पांढराशुभ्र झाला होता. एवढं ऊन त्या वेळेलाच चढलं होतं.

निघताना आत्याने फरशीवर हात ठेवला आणि कबरीला म्हणाली, "बघा, आली ही." 

दुपारी डब्यातली चाळिसावी मूठ पडली. ती तिने मला टाकायला लावली. माझी मूठ तिच्यापेक्षा मोठी, म्हणून थोडी सैल धरायला सांगितली.

रविवार, २० एप्रिल: ईस्टर

साडेचारला पुन्हा तिथेच, या वेळी हातात मेणबत्त्या. काळोखात पांढऱ्या कबरींच्या रांगा, प्रत्येकीवर एक ज्योत. वारा अजिबात नव्हता, ज्योती सरळ उभ्या होत्या. पूर्वेला जरा फटफटलं तेव्हा पाळकसाहेब मोठ्याने म्हणाले, "प्रभू उठला आहे!" आणि पाच-सहाशे माणसांनी उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे!" शुक्रवारी न केलेले सगळे सलाम आता झाले. त्या टॉवेलवाल्या मावशींनी मला ओळख नसताना मिठी मारली. जवळच्या मशिदीतून फज्रची अजान मघाशीच होऊन गेली होती. रस्त्यावरून दूधवाले निघाले होते.

उपासनेनंतर चर्चच्या पडवीत वजनकाटा ठेवला होता. एकेक डबा, पिशवी, मडकं रिकामं होत होतं. आत्याची ज्वारी सव्वादोन किलो भरली. गोणीत पडताना ती पावसासारखी वाजली. कुणाच्या घरी जाणार ते पाळकसाहेबांखेरीज कुणाला माहीत नसतं, तसा इथला नेम आहे. घरी मटण, बाजरीची भाकरी, आणि दुपारी चारपर्यंत येणारे-जाणारे.

सोलापुरातून काय आणावं असं मला परतल्यावर सगळ्यांनी विचारलं. चादर हवी तर चाटी गल्लीत जा. शेंगाचटणी ओळखीच्या घरची मिळाली तर उत्तम, नाहीतर बाळीवेशीकडच्या दुकानांतून, पण ताजी कुटलेलीच. सिद्धेश्वर तलावाकाठी आणि भुईकोट किल्ल्यात संध्याकाळचं जा. मला या खेपेला दोन्ही जमलं नाही.

सोमवारी सकाळची हुतात्मा साडेसहाला. आत्या स्टेशनवर येणार नव्हती, जिने चढवत नाहीत. दारातच तिने बॅगेत कडक भाकऱ्या घातल्या, चटणीची बरणी घातली, आणि वरून तो पितळी डबा. रिकामा, घासून लख्ख केलेला.

"अगं, हा तुझा," मी म्हणाले.

"माझ्याकडं दुसरा हाय. हा तू भर. आणि भरलेला पोस्टानं पाठवायचा नाही, सांगून ठेवते."

डबा सध्या माझ्या ओट्यावर आहे. त्यानंतरचा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारी २०२६चा.